मिझुकुमी आळीचा खजिनदार

माणूस एका जागी किती वर्षं राहिला म्हणजे तिथला होतो, याचं गणित अजून कुणी बसवलेलं नाही. वेंडेल प्रूइटच्या बाबतीत जपानातल्या मात्सुए गावच्या मिझुकुमी आळीने हा आकडा तेवीस काढला होता. आळीत एकतीस घरं. आळी मंडळाचं खजिनदारपद त्यातल्या बारा घरांत फिरायचं, दरवर्षी एका घरातून पुढच्या घरात. तेवीस वर्षांत ते दोनदा वेंडेलच्या दाराशी आलं आणि दोन्ही वेळा त्याच्या कुंपणावरून अलगद उडी मारून पलीकडच्या घरात गेलं. "आपल्याला उगाच तसदी नको," असं म्हणून लोक वाकून नमस्कार करायचे. इतक्या आदराने वगळलं गेल्यावर माणूस भांडणार कुणाशी?

आळीत सगळ्यांना आडनावाला आदराचं 'सान' जोडून हाक मारतात. नोगामीसान, इवामोतोसान, हिनोआजोबा. वेंडेल मात्र वेंडेलसान. परगावच्या पाहुण्याच्या लाडक्या मुलाला मारावी तशी ही हाक. वेंडेल पंचावन्न वर्षांचा होता, त्याला टक्कल पडलं होतं, दर रविवारी तो आळीचं गटार इतरांबरोबर गुडघाभर उतरून साफ करत होता, तरी वेंडेलसान.

मग एका हिवाळ्यात पदाच्या रांगेतल्या बारा घरांपैकी तीन घरांतले म्हातारे गेले, दोघे मुलांकडे ओसाकाला राहायला गेले आणि एकाच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मावळते खजिनदार नोगामी पासबुक, मंडळाचा शिक्का आणि हिशेबाची, कुणीही न वापरलेली एक लाकडी मणीपाटी घेऊन वेंडेलच्या दारात उभे राहिले. नोगामी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी तिन्ही वस्तू दोन्ही हातांनी पुढे केल्या आणि म्हणाले, "खजिनदारसाहेब, सांभाळा."

खजिनदारसाहेब. दार लावून घेतल्यावर वेंडेल थोडा वेळ चपलांच्या कपाटापाशी नुसताच उभा राहिला. त्याची बायको किनुयो आतून म्हणाली, "अहो, पासबुक माझ्याकडे द्या, तुम्ही हरवाल."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. भाताच्या कुरकुरीत चकत्या विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर वेंडेल इंग्रजी बोलण्याचे वर्ग घ्यायचा. त्याची कमाई थेट किनुयोच्या हातात जायची आणि पंचवीस तारखेला ती त्याला तीस हजार येन हातखर्चाला द्यायची. यात कमीपणा काही नाही, सगळ्या आळीत हीच रीत. जन्मभर बँकेत मॅनेजरकी केलेले गृहस्थसुद्धा पंचवीस तारखेला बायकोसमोर हात पसरून बसतात. पण ज्याच्याकडे स्वतःच्या पगाराचं पासबुक नाही, त्याच्याकडे आळीचं आलं, ही गोष्ट वेंडेलने तीनदा मनात घोळवली. तिन्ही वेळा ती गोड लागली.

पासबुकात अठरा लाख चाळीस हजार येन होते. अकरा वर्षं पै पै करून जमवलेला हा नगाऱ्याच्या कातड्याचा निधी. ऑक्टोबरच्या मिरवणुकीत प्रत्येक आळी आपापला पुरुषभर उंचीचा नगारा गाड्यावर घालून ओढते. गेल्या वर्षी मिझुकुमीच्या नगाऱ्याचं एका बाजूचं कातडं उललं आणि ओली गोधडी बडवल्यासारखा आवाज येऊ लागला. पलीकडच्या आळीतले लोक काही बोलले नाहीत, फक्त सहानुभूतीने बघत राहिले. ते जास्त लागलं.

दोन्ही बाजूंचं नवं कातडं सतरा लाखांचं. डोंगरातल्या नगारेवाल्याने निरोप दिला होता की एकतीस मेपर्यंत पाच लाख आगाऊ आले तरच यंदा, नाहीतर पुढच्या वर्षी. आता मिरवणुकीतला पहिला टोला हिनोआजोबांचा असतो आणि आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्यासमोर 'पुढच्या वर्षी' हा शब्द आळीत कुणी काढत नाही.

तर काम एवढंच होतं. बँकेत जाऊन खात्यावर खजिनदाराचं नाव बदलायचं आणि पाच लाख पाठवायचे. पंधरा मिनिटांचं काम. वेंडेल कोट घालून गेला.

बँकेतल्या मुलीने हसून एक कागद पुढे केला. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि शेवटी बारीक अक्षरात एक प्रश्न होता: आपण अमेरिकेचे करदाते आहात काय? आयुष्यात काही कागद असे येतात की त्यावर खोटं लिहिलं असतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण वेंडेल नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांतून आलेला, रविवारच्या प्रार्थनेत वाढलेला. त्याने 'होय'पुढे खूण केली. मुलीने दातांमधून हवा आत ओढली. त्या गावात हवा अशी ओढली गेली की समजावं, काम झालं नाही. ती आत गेली, एका साहेबाला घेऊन आली, तो आत जाऊन आणखी मोठ्या साहेबाला घेऊन आला. तिघंही रांगेत वाकली. खात्याची तपासणी करावी लागेल. सहा आठवडे, कदाचित आठ. तोवर पैसे भरता येतील, काढता मात्र येणार नाहीत.

"पण पैसे माझे नाहीत," वेंडेल म्हणाला. तिघं पुन्हा वाकली.

इथे अमेरिकेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. इतर देश घर सोडून गेलेल्या माणसाला काही वर्षांत विसरतात. अमेरिका विसरत नाही. पोटची आई एखाद्या वर्षी वाढदिवस विसरेल, अमेरिका विसरायची नाही. वेंडेलने देश सोडून सव्वीस वर्षं झाली होती. तो जपानात कमवायचा, जपानात कर भरायचा आणि तो कर इतका असायचा की अमेरिकेला द्यायला काही उरायचं नाही. पण काही देणं नाही हे दरवर्षी एक्केचाळीस पानं भरून कळवावं लागायचं. शिवाय परदेशात कुठल्या बँकेत किती पैसे आहेत, याची वेगळी यादी द्यायची. वेंडेलच्या नावावर आजवर काहीच नव्हतं, तेव्हा ती यादी त्याने कधी दिली नव्हती. सगळं किनुयोच्या नावावर होतं आणि किनुयोपुढे अमेरिकेचं काही चालत नाही.

त्याने हिरोशिमाला ड्वाइट लुंडग्रेनला फोन लावला. ड्वाइट तीस वर्षं फक्त परदेशी राहणाऱ्या अमेरिकनांचे करांचे कागद भरतो आणि त्याच्या आवाजावरून ते कळतं.

"त्या खात्यावर तुझी सही चालते का?" ड्वाइटने विचारलं.

"सही नाही, शिक्का."

"शिक्का म्हणजे सहीच. मग ते कळवावं लागणार."

"अरे, पण पैसा नगाऱ्याचा आहे."

"वॉशिंग्टनला नगारा कळत नाही, वेंडेल. खातं कळतं. नाही कळवलंस तर दंड दहा हजार डॉलर."

"एका नगाऱ्याला?"

"नगारे किती ते विचारत नाहीत," ड्वाइट म्हणाला आणि त्याने एक जांभई दिली. ती कंटाळ्याची नव्हती, अनुभवाची होती.

आता खरं तर वेंडेलने किनुयोला विचारायला हवं होतं. पण खजिनदाराला स्वतःची अशी काही अक्कल असावी, असं त्याला वाटलं. आळीत निरोप द्यायचा तो फिरत्या फळीवर. फळीला कागद लावायचा, प्रत्येक घराने वाचून आपला शिक्का मारायचा आणि शेजारी पोचवायची. वेंडेलने तीन दिवस खपून, शब्दकोश उशाला घेऊन दोन पानी निवेदन लिहिलं. पहिल्या पानावर हवामान, सर्वांच्या प्रकृतीची चौकशी, अमेरिकेच्या करपद्धतीचा त्रोटक इतिहास आणि आपली दिलगिरी. हे पान एका वाक्यावर संपत होतं: 'अत्यंत खेदाने कळवतो की आळीचा पैसा आता माझ्या हातात राहिलेला नाही.' पुढचं वाक्य, म्हणजे 'तो बँकेत सुरक्षित असून एक येनही कमी झालेला नाही', दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला होतं.

फळी नऊ दिवसांनी परत आली. पहिल्या पानावर एकतीस शिक्के होते, किनुयोचासुद्धा, कारण ती कणीक तिंबत होती आणि तिने न वाचताच मारला होता. दुसरं पान चिमट्यात पहिल्या पानाला इतकं घट्ट चिकटून बसलं होतं की ते उलटल्याची एक सुरकुतीही त्यावर नव्हती. शिक्के पहिल्याच पानावर मारायचे असतात. दोन पानांचं निवेदन आजवर कुणी काढलंच नव्हतं.

त्या दिवसापासून लोक त्याच्याशी फार प्रेमाने वागू लागले. इवामोतो न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत आणि निघताना खिशात एक घडीचा कागद सरकवला. तो जुगाराचं व्यसन सुटलेल्यांच्या मंडळाचा होता, दर गुरुवारी सभा, चहा मोफत. नोगामींनी वाटेत थांबवून सांगितलं की त्यांच्या कचेरीतही असा एक चांगला माणूस होता, शेवटी त्याने सगळं कबूल केलं आणि त्याला गाढ झोप लागायला लागली. आणि सगळे त्याला पुन्हा वेंडेलसान म्हणू लागले होते. वेंडेलला जुगाराच्या कागदाचं वाईट वाटलं नाही, त्या हाकेचं वाटलं. तेवीस वर्षांनी मिळालेलं नाव नऊ दिवसांत गेलं होतं.

घरी किनुयोने दोन्ही पानं वाचली. "अहो," ती म्हणाली, "आधी माफी मागायची, मग लिहायचं. तुम्ही आधी लिहिलंत. आता घरोघर जायला लागेल."

"माफी कशाची? मी काय केलंय?"

"काही केलं नाही म्हणून तर मागायची. केलं असतं तर पोलीस आले असते."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी अशा तर्कांचं उत्तर वेंडेल अजून शोधत होता. किनुयोने मिठाईचे तीस पुडे आणले आणि शनिवारी सकाळी दोघं काळ्या कपड्यांत निघाली. मात्सुएच्या माणसाच्या घरात शिरलेला माणूस हिरवा चहा प्यायल्याशिवाय बाहेर पडत नाही. तीस घरं, तीस वाडगे घोटलेला चहा. प्रत्येक घरी किनुयो आधी वाकून म्हणायची, आमच्यामुळे आपल्याला फार मनस्ताप झाला. मग वेंडेल 'त्याचं असं आहे की अमेरिकेचा कायदा' असं सुरू करायचा आणि यजमान हात वर करून म्हणायचे, पुरे, पुरे, काही सांगू नका, आम्ही समजतो. समजूतदारपणासारखं क्रूर काही नसतं. विसाव्या घरापर्यंत वेंडेलने खुलासा सोडून दिला. सत्ताविसाव्या घरी त्याला स्वतःलाच शंका येऊ लागली की आपण पैसे खाल्ले तर नाहीत ना. रविवारी रात्रीपर्यंत चहाने त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आळीत बातमी पसरली की पश्चात्तापाने त्याची झोप उडाली आहे.

सोमवारपासून टपालपेटीत पाकिटं पडू लागली. घराला आग लागली, कुणी आजारी पडलं की देतात तशी पांढरी पाकिटं. आत कोऱ्या नोटा आणि 'अल्पशी भेट, प्रकृतीस जपा' असे शब्द. गुरुवारपर्यंत तीस पाकिटं झाली. दहा घरांचे तीस-तीस हजार, सतरा घरांचे दहा-दहा आणि तिघांचे पाच-पाच. किनुयोने वहीत नावं मांडली आणि डोकं धरलं. कारण असं काही मिळालं की त्याच्या निम्म्या किमतीची परतभेट द्यावी लागते. "आता तीस टॉवेलांचे संच," ती म्हणाली. "आणि तेही देताना पुन्हा चहा."

वेंडेल पाकिटांकडे बघत होता. त्याला लाज वाटत होती आणि रागही येत होता. मी चोर आहे असं यांना वाटतं, आणि चोराला हे पाकीट देतात. हिनोआजोबांच्या पाकिटावर म्हाताऱ्या थरथरत्या ब्रशने आडनाव लिहिलेलं होतं: प्रूइट महोदय.

सत्तावीस मेला आळीच्या सभागृहात बैठक होती. वेंडेल पासबुक, शिक्का, मणीपाटी, तीस पाकिटं आणि राजीनामा घेऊन गेला. तो खूप थकला होता. गुडघे मोडून बसला आणि या वेळी कुणालाही मध्ये बोलू न देता सगळं सांगितलं. दुसरं पान मोठ्याने वाचलं. पासबुक फिरवलं. अठरा लाख चाळीस हजार, एक येन कमी नाही. फक्त काढता येत नाहीत.

मग नोगामींनी चष्मा पुसला आणि विचारलं, "दरवर्षी एक्केचाळीस पानं?"

"हो."

"आणि कर किती बसतो?"

"शून्य."

"सव्वीस वर्षं शून्य?"

"सव्वीस वर्षं."

नोगामींनी मान झुकवली. जन्मभर कचेरीत काढलेल्या माणसाला अशा गोष्टीची भव्यता कळते.

वेंडेलने पाकिटं चटईवर ओळीने मांडली. म्हणाला, हे पैसे गैरसमजातून आले आहेत, कृपा करून परत घ्या. कुणी हात पुढे केला नाही. दिलेलं पाकीट परत घेणं हा अपमान. किनुयो मागे बसली होती. तिने हलकेच सांगितलं की ही सगळी मिळून चार लाख पंच्याऐंशी हजार होतात. लोकांनी मनातल्या मनात हिशेब केला. आगाऊ रक्कम पाच लाखांची, मुदत चार दिवसांवर. किनुयोने पर्स उघडली आणि पंधरा हजार शेवटच्या पाकिटाशेजारी ठेवले. वेंडेलने ते पाहिलं आणि ओळखलं की येत्या पंचवीस तारखेला आपल्याला पंधराच मिळणार आहेत.

कातड्याचा प्रश्न असा सुटला. पण वेंडेलच्या मनात एक काटा होता आणि राजीनामा अजून त्याच्या हातात होता. तो हिनोआजोबांकडे वळला.

"आजोबा, मी पैसे खाल्ले असं आपल्याला वाटलं होतं ना?"

"वाटलं होतं," आजोबा म्हणाले.

"मग तीस हजार का दिलेत?"

आजोबांनी चहाचा घोट घेतला. त्यांना कसलीच घाई नव्हती. "अरे, आळीचे पैसे आळीतलाच माणूस खाणार. परक्याच्या हातात आम्ही ते दिलेच नसते. आणि आपलाच माणूस अडचणीत आहे म्हटल्यावर पाकीट द्यायचं नाही तर काय करायचं?"

वेंडेलने तेवीस वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती चोरीच्या आळातून आली होती, पण आली होती.

"आणि तो राजीनामा खिशात ठेव," आजोबा पुढे म्हणाले. "बँकेने पैसे सोडले की ते खातं बंद करून टाका. बँक नको न् अमेरिकेचा ताप नको. पैसे चहाच्या डब्यात ठेवायचे, पूर्वी ठेवायचे तसे."

"डबा कुणाकडे?" इवामोतोने विचारलं.

आजोबांना प्रश्नच कळला नाही. "कुणाकडे म्हणजे? खजिनदारसाहेबांकडे."

बँकेने अखेर जुलैत पैसे सोडले. त्यातून सगळ्यांना पाकिटाची भरपाई द्यायला वेंडेल निघाला, तर कुणी दार उघडेना. सप्टेंबरपर्यंत अठरा लाख चाळीस हजार येन वेंडेलच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे होते. त्या दोन महिन्यांत तो आणि किनुयो एकत्र घराबाहेर पडले नाहीत. विश्वास ही फार जड गोष्ट आहे, ती घरात असली की सिनेमाला जाता येत नाही. ऑक्टोबरात हिनोआजोबांनी नव्या कातड्यावर पहिला टोला दिला आणि पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

पुढच्या मार्चमध्ये ड्वाइटचा फोन आला. खातं बंद केलंस ते बरं केलंस, पण चार महिने तरी ते तुझ्या शिक्क्यावर होतं, तेव्हा यंदा एकदा कळवावंच लागेल. वेंडेल अमेरिकेचा तो दोन पानी अर्ज उघडून बसला. खात्याचा नंबर लिहिला, सर्वांत मोठी रक्कम लिहिली, मालकाचं नाव लिहिलं, मिझुकुमी आळी मंडळ. त्याखाली एक चौकोन होता: या मालकाकडे आपला हुद्दा काय?

सव्वीस वर्षं अमेरिकेने त्याला किती कमावलंस, कुठे ठेवलंस एवढंच विचारलं होतं. या लोकांमध्ये तू कोण, असं पहिल्यांदाच विचारत होती. वेंडेलने लिहिलं, 'खजिनदार'. पुन्हा वाचलं. दोन्ही पानं छापून त्याने किनुयोला दाखवली आणि चौकोनावर बोट ठेवून अर्थ सांगितला.

किनुयोने चष्मा लावून ती इंग्रजी पानं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग खणातून शिक्का काढून कोपऱ्यात मारला, पानं फळीला लावली आणि शेजारी नेऊन दिली. फळी नऊ दिवसांनी परत आली. एकतीस शिक्के होते, आणि या वेळी दोन्ही पानांवर.